चाचणीचं गिऱ्हाईक

नारिनला नोव्हेंबरात पाचलाच दिवे लागतात.
विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावर चौदा संगणक,
त्यातले अकरा चालू,
आणि खिडकीबाहेर नदी, काठाकाठाने गोठत आलेली.

ताशबोलोत सर फळ्यावर एक टोपली काढतात.
म्हणतात, दहा माणसं ही भरतात,
त्यातली सात भरलेली टोपली तिथंच टाकून निघून जातात.
का जातात, हाच तुमचा अभ्यासक्रम.

एर्निस म्हणाला, भाव पटला नसेल.
सर म्हणाले, मग घासाघीस कुठे करतील? तसं बटणच नाही.
वर्ग हसला.
मी वहीत लिहून घेतलं : तसं बटण नाही.

माझा प्रकल्प, आईच्या नमद्याच्या सपाता.
अत-बाशीहून ती फोनवर ओरडून बोलते,
जणू मधल्या घाटाच्या वरून हाक पोहोचवायची आहे.
मी विचारते, माल किती शिल्लक? रकान्यात आकडा लागतो.
ती म्हणते, शिल्लक? मेंढ्यांच्या अंगावर आहे की.
मापं कुठली?
पाय दाखवा म्हणावं.
तिच्याकडे गाठी मारलेली एक दोरी आहे,
तिच्यात सगळ्या आळीचे पाय आहेत,
आजोबांचेसुद्धा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.
ती गाठ तिने सोडलेली नाही.

परतीचं धोरण हे पान मी तीनदा लिहिलं.
चौदा दिवसांत वस्तू परत करता येईल, असं वाचून दाखवलं,
तर कितीतरी वेळ फोनमध्ये नुसता वारा.
मग म्हणाली,
इतक्या वाईट आहेत का गं?

मार्चमध्ये पैसे भरायचं पान जोडलं.
सरांनी दिलेला खोटा कार्ड नंबर,
नाव टेस्ट, आडनाव टेस्ट,
पत्ता एक दोन तीन, माप अडतीस, रंग राखाडी.
बटण दाबलं. हिरवी खूण उमटली.
एर्निसने पाठीत धपाटा घातला, भवानी झाली!
त्या रात्री मी मलाच मोठी वाटत होते.

ऑर्डरचा निरोप आईच्या फोनवर जावा,
ही सोय मीच केली होती.
मीच विसरले होते.

आठ दिवसांनी मिनीबसच्या ड्रायव्हरने एक पुडकं हातात ठेवलं.
गिऱ्हाइकाचा पत्ता अर्धवट आहे, तुझी आई म्हणाली, पुढचं तू बघ.
आत राखाडी सपाता. माप अडतीस.
गरम पाण्याचा, साबणाचा, ओल्या लोकरीचा वास अजून गेला नव्हता.
सोबत चिठ्ठी :
नाव-आडनाव एकच, म्हणजे पोरकं असेल कुणी.
टाचेला दुहेरी थर दिलाय.
पैसे आले का?

माझ्या विद्यावेतनातून नऊशे सोम पाठवले.
आले, म्हटलं.

परवा सादरीकरण आहे.
सर म्हणाले, दुकान उघडण्याआधी चाचणीच्या ऑर्डरी पुसून टाका.
पुसल्या.
एर्निसने मुद्दाम केलेल्या सहा, एक शिवीच्या नावाने केलेली.
एक राहू दिली.
तिच्यापुढे यादी उघडते : प्रलंबित, रवाना, पोहोचली, रद्द.
झालंय ते यातलं एकही नाही.

उशिरापर्यंत बसायचं तर प्रयोगशाळेच्या फरशीतून गारठा वर चढतो.
बूट ओले होते. काढून ठेवले.
माझं माप सदतीस.

रात्री आईचा फोन. त्याला बसल्या का गं?
मी खाली पाहिलं.
किंचित सैल आहेत म्हणे.
लोकर आहे ती, आई म्हणाली, घेईल पाय ओळखून.
आणि पुढच्या वेळी
पत्ता नीट विचारून घे.